शेवटची सलामी

पंधरवड्यापूर्वी पंचकुइयाच्या मुक्तिधामात एका निवृत्त हवालदाराला निरोप देण्याचा प्रसंग आमच्यावर आला. आजोबा होळकरांच्या फौजेत, वडील मध्य भारताच्या पोलिसात आणि स्वतः मध्य प्रदेशाच्या पोलिसात, अशी त्या घराची तीन पिढ्यांची चाकरी. सरण रचून झाले होते, गुरुजींची घाई चालली होती, आणि कडेला उभी असलेली मंडळी, अशा वेळी बोलतात तसे, पाऊसपाण्याचे बोलत होती. तेवढ्यात गणवेशातला एक तरुण शिपाई मोटारसायकल फाटकाबाहेर लावून आत आला. ठाण्याने त्याला पाठवले नव्हते. बातमी कानावर आली म्हणून ड्यूटीवर जाता जाता तो वळला होता. पार्थिवासमोर टाचा जुळवून त्याने सलामी दिली, क्षणभर तसाच उभा राहिला आणि आला तसा निघून गेला. बोलणारी मंडळी गप्प झाली. सकाळपासून कोरड्या डोळ्यांनी सर्व विधी करणारा थोरला मुलगा तेथे मात्र रडला.

कर्तव्यावर असताना मृत्यू आला तर काय करावयाचे, हे पोलीस खात्याला चांगले ठाऊक आहे. बंदुकीची नळी जमिनीकडे वळवून आणि मान खाली घालून शोकशस्त्र, बिगुलावर लास्ट पोस्टचे सूर, हवेत तीन फैरी, हा क्रम ठरलेला आहे. त्यामागे एक आठवणही आहे. २१ ऑक्टोबर १९५९ रोजी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे, हरवलेल्या सोबत्यांच्या शोधात निघालेल्या पोलीस तुकडीवर चिनी सैनिकांनी टेकडीवरून गोळीबार केला. करमसिंग हे त्या तुकडीचे प्रमुख होते. दहा पोलीस तेथेच पडले. त्यांचे देह चिन्यांनी परत दिले ते तब्बल तीन आठवड्यांनी, आणि त्याच उजाड पठारावर पोलिसी मानाने त्यांना अग्नी देण्यात आला. पुढे १९६० च्या जानेवारीत ठरले, की २१ ऑक्टोबर हा देशभर पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळावा. आजही त्या दिवशी परेडच्या मैदानावर वर्षभरात कामी आलेल्यांची नावे एकामागून एक वाचली जातात. दिल्लीला चाणक्यपुरीत २०१८ साली राष्ट्रीय पोलीस स्मारक उभे राहिले. एकाच दगडातून घडवलेली तीस फूट उंचीची ती शिळा २३८ टनांची आहे, आणि उद्घाटनाच्या वेळी तेथील भिंतीवर ३४,८४४ नावे होती.

या नावांत आपल्या ओळखीचीही आहेत. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर गेले, आणि गिरगाव चौपाटीवर निव्वळ हातांनी अतिरेक्याच्या बंदुकीची नळी धरून ठेवणारे तुकाराम ओंबळेही गेले. ओंबळे हे सहायक फौजदार होते. पुढच्या प्रजासत्ताकदिनी चौघांनाही एकच अशोकचक्र मिळाले. तेथे हुद्दा पाहिला गेला नाही, हे आम्हांस फार मोलाचे वाटते.

परंतु पोलिसाचा मृत्यू दर वेळी गोळीने येत नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये आपल्याच शहरातील एक ठाणेदार करोनाच्या बंदोबस्तात आजारी पडून गेले. तेथे ना चकमक होती, ना शत्रू दिसत होता. तरी ते कर्तव्यावर गेले याविषयी इंदुरात कोणाला शंका आली नाही. आणि जो रंगपंचमीच्या गेरीत दिवसभर रंग खात उभा राहतो, अनंत चतुर्दशीला मिलांच्या झांक्या सरून पहाट होईपर्यंत हलत नाही, अशी तीस-पस्तीस वर्षे काढतो आणि पेन्शनीत दम्याने किंवा हृदयविकाराने जातो, त्याचे काय?

त्याचे काही नक्की नसते. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्याकडे पुष्पचक्र घेऊन कोणी तरी येते. शिपाई-हवालदाराकडे कोणी आले तर तो योगायोग. तिरंग्याचीही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पार्थिवावर ध्वज घालण्याची मुभा कायद्याने शासकीय, लष्करी आणि निमलष्करी दलांच्या अंत्यसंस्कारांपुरती ठेवली आहे. जिल्ह्यातला साधा पोलीस त्यात आपोआप येत नाही. सरकारने शासकीय इतमाम जाहीर केला तरच येतो. आणि हा इतमाम सढळ हाताने मिळतो तो पुढाऱ्यांना. त्यांच्यासाठी फैरी झाडण्याचे काम मात्र पोलिसांचेच. २०१९ साली बिहारात एका माजी मुख्यमंत्र्यांच्या अंत्यविधीला बावीस बंदुका सज्ज केल्या आणि त्यांतली एकही उडाली नाही. लोक हसले. बंदोबस्तावरच्या माणसाच्या हाती आपण कोणती हत्यारे देतो, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही.

इतमाम हा शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. दरबारी थाट, लवाजमा हा त्याचा अर्थ. तो थाट या शहराने पाहिला आहे. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या नदीकाठी अजून उभ्या आहेत. पण आमचे पूर्वज दक्षिणेतून येताना आणखी एक आठवण घेऊन आले असतील. देशावर गावोगावी, देवळाच्या आवारात किंवा वेशीपाशी, वीरगळ दिसतात. त्यांतले कितीतरी गावची गुरे सोडवताना पडलेल्या माणसांचे आहेत, राजेरजवाड्यांचे नव्हेत. आणि जो लढता लढता गेला नाही, त्याच्यासाठी दगड नसला तरी आपल्यात एक रीत होतीच. लग्नाला बोलावणे लागते, मर्तिकाला लागत नाही. कळले, की जायचे आणि खांदा द्यायचा.

आमचे मागणे या रीतीएवढेच आहे. निवृत्ताला फैरी नकोत, बिगुल नको, ध्वजही नको. ज्यांनी प्राण दिले त्यांचा मान त्यांच्यापाशीच राहावा. पण ज्या ठाण्याच्या हद्दीत निवृत्त पोलीस वारला, तेथून गणवेशातला एक माणूस, एक पुष्पचक्र आणि एक सलामी, एवढे ठरून गेलेले असावे. वारलेला अधीक्षक असो की शिपाई. ठाण्यात हद्दीतल्या निवृत्तांची वही ठेवली तर हे अवघड नाही. माणसे कमी आहेत, ठाणी कामाने वाकली आहेत, असे अधिकारी म्हणतील. ते खरेच आहे. पण येथे प्रश्न अर्ध्या तासाचा आहे. कोणी असेही म्हणेल, की वर्दीतले सगळेच सलामीच्या लायकीचे नसतात. ज्यांना न्यायालयाने दोषी ठरवले किंवा खात्याने बडतर्फ केले, त्यांना खुशाल वगळावे. उरलेल्यांची झडती सरणापाशी घेऊ नये.

आमची जुनी घरेही यात अगदी निर्दोष नाहीत. भिंतीवर पणजोबांचा पगडी-तलवारीचा फोटो आपण अभिमानाने ठेवतो, आणि आळीतला म्हातारा हवालदार गेला तर कचेरीची वेळ झाली म्हणून कोपऱ्यापर्यंत जाऊन परततो. त्या दिवशी मुक्तिधामात आम्ही मोजून सतरा जण होतो.

तेराव्याला घरच्यांनी त्या तरुण शिपायाला जेवायला बोलवायचे ठरवले. तेव्हा लक्षात आले, की त्याचे नाव कोणी विचारलेच नव्हते.