आजीचे चौकोन

चैत्र संपत आला म्हणजे गिरगांवांतील आमच्या वाडींत गच्चीवर पापड-कुरडयांच्या जोडीनें जुन्या ट्रंकांनाहि ऊन दाखविण्याची चाल आहे. यंदां ट्रंका उघडल्या तेव्हां डांबराच्या गोळ्यांच्या वासांतून आमच्या वडील काकूंचें जुनें क्रोशाकाम बाहेर निघालें. ताटाभोंवतीं मांडावयाच्या महिरपी, दाराचें तोरण, दुधाच्या भांड्यावरचे मणी लावलेले रुमाल, हें सारें त्यांनीं १९६८ सालीं आपल्या लग्नाच्या रुखवतासाठीं विणलें होतें. रुखवत पाहून सर्वांनीं वाखाणणी केली आणि दुसऱ्या दिवशीं तें ट्रंकेंत गेलें. तेव्हांपासून तें वर्षांतून एकदां ऊन खातें.

त्याच दिवशीं आमची कॉलेजांत जाणारी पुतणी लोअर परळांतून एक उन्हाळी झगा घेऊन आली. जेथें पूर्वीं गिरण्यांचे भोंगे वाजत, तेथें आतां काचेचीं मोठीं दुकानें झालीं आहेत. त्यांतल्याच एका दुकानांतला हा झगा. रंगीबेरंगी लहान चौकोन एकास एक जोडून तो केलेला होता. काकूंनीं चष्मा चढविला, झगा उलटा केला, दोऱ्यांचीं टोंकें कोठें दडविलीं आहेत तें पाहिलें आणि किंमतीची चिठ्ठी वाचली. मग त्या एवढेंच म्हणाल्या, "हें यंत्राचें काम नव्हे गं. कोणा बाईच्या हातचें आहे. तिला काय मिळालें असेल?"

ह्या प्रश्नाचें उत्तर घरांत कोणापाशींच नव्हतें. तेव्हां आम्हीं ठरविलें कीं, तसाच एक झगा घरीं करून पाहावा आणि त्यास लागणारा वेळ मोजावा. वाचकभगिनींस कृतीहि उपयोगी पडेल आणि हिशेबहि, म्हणून दोन्ही येथें देत आहों.

प्रथम दोऱ्याविषयीं. लोंकर किंवा तिची कृत्रिम नक्कल मुंबईच्या दमट वैशाखांत अंगावर सोसवत नाहीं. सुती दोराच हवा. भुलेश्वरांतून आम्हीं मध्यम जाडीचा अर्धा किलो दोरा आणला, कांहीं पिकल्या आंब्याच्या रंगाचा व कांहीं पांढरा. सुई साडेतीन मिलिमीटरची घेतली. ह्या चौकोनास इंग्रजी पुस्तकांत 'ग्रॅनी स्क्वेअर', म्हणजे आजीचा चौकोन, असें नांव आहे. उरल्यासुरल्या लोंकरीचीं पांघरुणें करणें हें तिकडेहि आजीबाईंचेंच काम समजत. काकू त्यास 'चौफुली' म्हणतात.

पांच साखळ्यांचें कडें करावें. त्यांत तीन-तीन खांबांचे चार गट घालावे व दोन गटांमध्यें दोन साखळ्या सोडाव्या. हेच चार कोपरे. दुसऱ्या फेरींत प्रत्येक कोपऱ्यांत तीन खांब, दोन साखळ्या, पुन्हां तीन खांब असें घालावें. तिसऱ्या फेरीपासून कोपरे तसेच ठेवून कोपऱ्यांमधल्या प्रत्येक फटींत एकेक गट वाढवावा. फेरीच्या आरंभींच्या तीन साखळ्या हा पहिला खांब समजावा. तीन फेऱ्या आंबेरंगाच्या व चौथी पांढरी केली कीं चौकोन सुमारें ४ इंचांचा होतो आणि त्यांत १२० खांब भरतात.

झग्याचें गणित सोपें आहे. पुतणीच्या मापास ३६ इंचांचा घेर हवा होता, म्हणून एका ओळींत ९ चौफुल्या धरल्या. काखेपासून गुडघ्यापर्यंत ७ ओळी धरून ६३ झाल्या. त्यांच्या वर छातीवर ३ व पाठीवर ३ अशा एकूण ६९. खांद्यांवर खांबांच्याच अरुंद पट्ट्या. कमरेखालीं घेर वाढावा म्हणून चौफुल्यांची संख्या वाढवूं नये. खालच्या ओळी क्रमानें चार व साडेचार मिलिमीटरच्या सुयांनीं विणाव्या. नमुना तोच राहतो आणि चौकोन मात्र थोडा मोठा होतो.

येथें आमची एक चूक झाली. सर्व ओळी जोडून झगा रात्रभर खुंटीला टांगला, तो सकाळीं चार बोटें लांब झालेला ! एवढा दोरा स्वतःच्याच वजनानें खालीं ओढला जातो, हें आमच्या ध्यानांतच आलें नव्हतें. शेवटीं खालची ओळ उसवून काढली आणि तिच्या नऊ चौफुल्यांचें देवघरांतल्या पाटासाठीं आसन केलें. तरी भगिनींनीं सहाच ओळी कराव्या. धुतल्यावर झगा दोरीवर टांगूं नये, चादरीवर आडवा पसरून सावलींत वाळवावा. जाळीचें काम असल्यामुळें आंतून मलमलीचें अस्तर अवश्य घालावें.

आतां हिशेब. पुतणीनें भिंतीवरच्या कॅलेंडरावर प्रत्येक बैठकीचा वेळ टिपून ठेवला. काकूंचा हात सरावाचा. एका चौफुलीस २० मिनिटें, म्हणजे ६९ चौफुल्यांस २३ तास. प्रत्येकीचीं चार टोंकें मिळून २७६ टोंकें आंत ओंवून दडविणें, जोडणें, पट्ट्या आणि कांठ ह्यांस १८ तास. एकंदर ४१ तास आणि आठ हजारांवर खांब ! रोजचे आठ तास धरले तरी पांच दिवसांहून अधिक मजुरी झाली. पुतणीनें आणलेल्या झग्याच्या किंमतींतून दोरा, दुकानाचें भाडें आणि मधल्या मंडळींचा नफा वजा घालून पाहिला, तों एका दिवसाची मजुरीहि धड उरेना.

कोणी म्हणेल, तो यंत्रावर झाला असेल. पायमोजे विणण्याचें यंत्र विल्यम ली नांवाच्या इंग्रज गृहस्थानें १५८९ सालींच काढलें, हें खरें. परंतु क्रोशाचा खरा खांब घालणारें यंत्र अद्याप व्यवहारांत आलेलें नाहीं. क्रोशाची वस्तु कोठेंहि विकत घ्या, ती कोणाच्यातरी हातूनच झालेली असते. आंध्रांतील नरसापूर येथें बायका पिढ्यान्‌पिढ्या क्रोशाची लेस विणतात. मारिया मीस ह्या जर्मन विदुषीनें त्यांच्याविषयींचा ग्रंथ १९८२ सालीं प्रसिद्ध केला. त्या बायकांस कामकरी न मानतां, फावल्या वेळांत विणणाऱ्या गृहिणी मानलें जातें, आणि त्यामुळेंच त्यांच्या हातीं अत्यल्प दाम पडतो, असें तिनें दाखविलें आहे.

पण नरसापूर दूर कशाला? आमच्या लालबाग-परळांत गिरणीकामगारांस जेवूं घालणाऱ्या बायकांचें कामहि असेंच चुलीआड राहिलें होतें. १९७५ सालीं प्रेमा पुरव ह्यांनीं त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळांत एकत्र आणलें, त्यांना बँकेचीं कर्जें मिळवून दिलीं, तेव्हां कोठें त्या रांधण्यास धंदा हें नांव लाभलें.

आणि आमचें स्वतःचें घर? दादरच्या एक आप्तबाई झगा पाहून म्हणाल्या, "आमच्या मुलीलाहि एक करून द्या ना, दोऱ्याचे पैसे देतें." काकू नेहमींप्रमाणें 'बरं' म्हणणार, तोंच पुतणीनें कॅलेंडर पुढें केलें आणि पांच दिवसांची मजुरी सांगितली. बाई रागावून गेल्या. काकू तर दोन दिवस पुतणीशीं बोलल्या नाहींत. घरच्या माणसांकडे पैसे मागितल्याची त्यांना लाज वाटली. आम्हांस मात्र वेगळीच लाज वाटत होती. आमच्या मुंजींतल्या महिरपी, मुलांचीं टोपडीं, शेजारच्या पांच दारांचीं तोरणें हें सारें 'बसल्या बसल्या होतें' ह्या एका वाक्यावर आम्हीं सर्वांनीं पन्नास वर्षें फुकट घेतलें होतें, आणि एकानेंहि एक तास मोजला नव्हता.

आठवड्यानें त्याच आप्तबाईंचा फोन आला. तीन दिवसांची मजुरी देतें म्हणाल्या. पुतणी कांहीं बोलणार, इतक्यांत काकूंनींच तिच्या हातून फोन घेतला आणि सौम्य स्वरांत म्हणाल्या, "चार. आणि दोरा तुमचा." सौदा ठरला.

काकूंच्या पाटावर सध्यां दुसरा झगा चालू आहे. त्याच्या शेजारीं एक वही ठेवलेली असते आणि बैठक मोडतांना त्या तींत घड्याळ पाहून वेळ लिहितात. आमच्या वाचकभगिनींच्या घरींहि अशी एखादी काकू, आत्या किंवा सासूबाई असेलच. ह्या उन्हाळ्यांत त्यांच्याकडून झगा अवश्य करून घ्यावा. मात्र दोऱ्याबरोबर एक वहीहि आणून द्यावी.