कळा सोसणारीजवळ कोण?

पुण्या-मुंबईत हल्ली ‘डुला’ हा शब्द कानावर येतो. बाळंतपणात बाईजवळ राहणारी, तिची पाठ चोळणारी, धीर देणारी, या कामाचं शिक्षण घेतलेली आणि त्याचे पैसे घेणारी बाई. शब्द मूळचा ग्रीक, अर्थ दासी. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ डॅना राफेल यांनी १९७३ साली तो या अर्थाने वापरला. (दासीच का, मैत्रीण का नाही?)

डुलांशी माझं भांडण नाही. कष्टाचे पैसे त्यांनी जरूर घ्यावेत. पण ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांनी एकटीनं बाळंत व्हायचं का?

गेल्या पावसाळ्यात वस्तीतल्या एका पहिलटकरणीबरोबर मी सरकारी दवाखान्यात रात्र काढली. बरोबर म्हणजे दाराबाहेरच्या बाकावर. आतून तिच्या हाका ऐकू येत होत्या आणि त्यावर, “तेव्हा नाही ओरडलीस, आता कशाला?” हेही. तिची आई माझ्याशेजारी पदराचा बोळा तोंडात धरून बसली होती. स्वतःची चार बाळंतपणं झालेली बाई. लेकीला कुठे धरायचं, काय बोलायचं, सगळं ठाऊक. सकाळी मुलगी झाली, तेव्हा दार उघडलं ते चहापाण्याचे पैसे मागायला.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं फेब्रुवारी २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला परवानगी दिली आहे. स्वतः बाळंतपण अनुभवलेली नात्यातली बाई. आडपडदा पाळला जात असेल तिथे नवरासुद्धा. मी हे सिस्टरना सांगितलं. “कागद आणा,” म्हणाल्या.

गर्दी आहे, जागा नाही, दोन खाटांमध्ये पडदा नाही, ही कारणं पाठ झालीत. पडदा नसणं हा बाळंतिणीचा गुन्हा आहे का? ग्वाटेमालातल्या अशाच गजबजलेल्या रुग्णालयात झालेला अभ्यास १९८० साली प्रसिद्ध झाला. एकट्या आलेल्या पहिलटकरणींपैकी काहींजवळ एक अनोळखी, कसलंही वैद्यकीय शिक्षण नसलेली बाई बसवली. तिनं हात धरला, पाठ चोळली, बोलत राहिली. या बायकांच्या कळांचा काळ बराच कमी भरला. ना यंत्र, ना औषध!

कुणी म्हणेल, आपली सुईण काय वेगळं करत होती? खरं आहे. पण तिच्या आठवणीनं गहिवरायला मी तयार नाही. रक्तस्राव थांबेना की तिचे हात टेकत आणि घरात बाई जायची. अनेक गावांत हे काम दलित बायकांच्याच माथी मारलेलं. मोबदला पसाभर धान्य नि जुनं लुगडं. दासीच ती! २००५च्या जननी सुरक्षा योजनेनंतर बायका दवाखान्यात येऊ लागल्या, हे चांगलंच झालं. पण सुईणीच्या हातातला धोका टाळताना तिचं उशाशी बसणंही आपण फेकून दिलं.

आणि सोबतीण कोण, ते बाळंतीण ठरवील. मुलगा होतो की नाही यावर डोळा ठेवून बसलेली सासू नव्हे. आशाताईंवर आणखी एक बिनपगारी रात्र ढकलायचीही नाही.

आमच्या गटातल्या बायका आता त्या २०१६च्या आदेशाची प्रत पिशवीतच ठेवतात. पुढची आठवड्याभरात अडायची आहे. या वेळी बाकावर बसायचं नाही, असं तिच्या आईनं आणि मी ठरवलंय.