पोट कुणाचं आणि हिशोब कुणाचा?



मागच्या महिन्यात प्लॉटच्या अर्जांचं काय झालं ते विचारायला आम्ही दहा-बारा जण तालुक्याला गेलो होतो. तिथं एका साहेबानं आम्हाला ऐकवलं, "सारखं प्लॉट प्लॉट काय करता? आधी पोरं कमी करा. अशीच वाढत राहिलात तर जंगल पण पुरणार नाही आणि धान्य पण पुरणार नाही."

आमच्यातला एक दादा चिडला. म्हणाला, "साहेब, आम्ही उलट जास्त पोरं करू. आदिवासी वाढला तरच टिकंल. तुमचं ऑपरेशन पण नको आणि पोट पाडणं पण नको." बाहेर आल्यावर सगळ्यांनी दादाची पाठ थोपटली. मी थोपटली नाही. साहेबाचं बोलणं खोटं आहेच. पण दादाचं बोलणं पण बरोबर नाही. पोटाची गोष्ट चालली होती आणि आम्ही चार बाया तिथंच उभ्या होतो, आम्हाला दोघांनीही विचारलं नाही. म्हणून हे लिहिते.

आधी साहेबाचा हिशोब बघू.

माणसं वाढतात आणि धान्य पुरत नाही, हे बोलणं जुनं आहे. १७९८ साली इंग्लंडमध्ये माल्थस नावाच्या पाद्र्यानं तसं पुस्तक लिहिलं. पुढे हाच माल्थस ईस्ट इंडिया कंपनीच्या कॉलेजात मास्तर झाला. म्हणजे आपल्यावर राज्य करायला जे साहेब यायचे त्यांना तो शिकवायचा. तेव्हा जगात शंभर कोटी पण माणसं नव्हती. आज आठशे कोटींच्या वर आहेत. माल्थसचं खरं असतं तर जग कधीच उपाशी मेलं असतं.

आपल्या देशाचं बघा. १९५१ साली आपण ३६ कोटी होतो आणि वर्षाला ५ कोटी टन धान्य पिकत होतं. १९९१ साली ८४ कोटी झालो आणि धान्य साडेसतरा कोटी टन. माणसं सवादोन पटीहून थोडी जास्त झाली, धान्य साडेतीन पट झालं. मग माणशी धान्य वाढलं का कमी झालं? सातवीतलं पोर पण सांगेल. तरी जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला १९९२ साली पोरं भुकेनं आणि आजारानं मेली. मेळघाटात कोरकूंची पोरं मेली. त्याच वेळी सरकारच्या गोदामात धान्याची पोती थप्पी लावून पडली होती. पोरं जास्त झाली म्हणून ती मेली नाहीत. पोती त्यांच्या पाड्यापर्यंत आली नाहीत म्हणून मेली.

१९४३ साली बंगालमध्ये वीस-तीस लाख माणसं दुष्काळात मेली. अमर्त्य सेन यांनी आकडे मांडून दाखवलं आहे की १९४१ साली तिथं त्याहून कमी तांदूळ होता, पण तेव्हा दुष्काळ पडला नाही. १९४३ ला तांदूळ होता, पण भाव इतका चढला की मजूर, कोळी, कारागीर यांना तो घेता आला नाही. इंग्रजांचं लढाईकडे लक्ष होतं. जगात आज जेवढं धान्य पिकतं त्यातला साधारण तिसरा वाटा गुरं-डुकरं-कोंबड्यांना घालतात, श्रीमंत देशांना मटण मिळावं म्हणून. तेव्हा जग जास्त माणसांना जेवू घालील का, या प्रश्नाचं उत्तर आहे, घालील. पण आधी ताट कुणापुढे आहे ते बघावं लागेल.

आता आपलं ताट बघा. आपल्या बापजाद्यांनी जंगल तोडून दळी केली, नागली-वरई पिकवली. फॉरेस्टनं ती जमीन आपली म्हणून लिहून घेतली आणि आपल्यालाच अतिक्रमणदार केलं. १९७८ पर्यंतची शेती कायम करायचा सरकारी ठराव त्याच वर्षी झाला. त्याला कित्येक वर्षं झाली, अजून किती पाड्यांना सातबारा मिळाला? जमीन नावावर नाही म्हणून बँक कर्ज देत नाही, बांध घालायला पैसा नाही, आणि गार्ड येऊन उभ्या पिकात गुरं सोडतो. तानसा, वैतरणा, भातसा आपल्या भागातली धरणं, पाणी मुंबईला. एप्रिल-मेमध्ये आपल्या बाया झऱ्यावर रात्र काढून एक हंडा भरतात. मुंबईत त्याच पाण्यानं मोटारी धुतात. आणि म्हणे पुरत नाही ते आमच्या पोरांमुळे! एका मोटारवाल्याच्या घरात जेवढं खपतं तेवढ्यात आमचा अर्धा पाडा वर्ष काढील.

साहेब विचारतो, तुम्हाला पोरं एवढी का? पाच झाली तेव्हा तीन जगली, म्हणून. पोरं जगतील याची खात्री झाली की बाया आपणहून थांबतात. दवाखाना, रस्ता, पाणी, रेशन, जमीन द्या, पोरं आपोआप कमी होतील. पण हे देत नाहीत. हिवाळा आला की फक्त ऑपरेशनची गाडी वेळेवर येते. १९९६ पर्यंत तर नर्सबाईला टार्गेट असायचं, मास्तरला टार्गेट, तलाठ्याला पण टार्गेट. रेशनकार्ड पाहिजे? ऑपरेशनची केस आण, म्हणायचे.

आपल्या म्हाताऱ्यांना आणीबाणी आठवते. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांच्या वर नसबंद्या झाल्या. महाराष्ट्र विधानसभेनं तर तीन पोरांनंतर नसबंदी सक्तीची करायचा कायदा १९७६ मध्ये पास केला होता. राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून वाचलो. माझा बाप तेव्हा सरकारी जीप दिसली की डोंगरात पळायचा, आई सांगते. तेव्हा दादाचा राग मला कळतो. तो राग खरा आहे.

पण दादा, आता तुमच्याशी बोलते.

आमच्या पाड्यातली एक बाय. नाव लिहीत नाही, तिची पोरं लहान आहेत. चौथं पोर अंगावर पीत होतं आणि वीटभट्टीवर असताना तिला परत दिवस राहिले. भट्टीचं काम, अंगात रक्त नाही. ती पायी चालत दवाखान्यात गेली, पोट खाली करा म्हणाली. तिथं सांगितलं, नवऱ्याची सही आण. नवरा भट्टीवर, सेठ सोडत नाही. परत गेली तर म्हणाले, आधी ऑपरेशनला हो म्हण, मग खाली करतो. ती घाबरली, ऑपरेशननंतर भट्टीवर वजन उचलता येणार नाही तर उचल कशी फेडायची? ती घरी आली. कुणीतरी काडी घातली. तिसऱ्या दिवशी तापात गेली. मयतीला मी होते. तेव्हा तिथं कुणी आदिवासी वाढवा म्हणालं नाही. पोरं चार होती, आई एक पण राहिली नाही.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका, कारण हे आपल्याला कुणी सांगत नाही. गर्भपाताचा कायदा १९७१ साली झाला, १९७२ च्या एप्रिलपासून लागू आहे. ज्या कमिटीनं तो सुचवला तिचे अध्यक्ष शांतिलाल शहा आपल्याच महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. चोरून पोट पाडताना बाया मरतात, हे त्या कमिटीनं बघितलं होतं. बाईच्या जिवाला, तब्येतीला धोका असेल, जबरदस्ती झाली असेल, पोरात मोठं व्यंग असेल, किंवा घेतलेलं साधन फसलं असेल तर गर्भपात कायदेशीर आहे. २०२१ च्या दुरुस्तीआधी बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागायचं, वीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचं. बाई अठरा वर्षांच्या वरची असेल तर सही फक्त तिची. नवऱ्याची सही लागते असं कायद्यात कुठंही नाही. ऑपरेशनची अट पण कुठंही नाही. त्या बाईला दोन्ही वेळा खोटं सांगितलं.

कुणी म्हणेल, पोटातला जीव पण जीवच आहे. खरं आहे, आणि आपल्या बायांना ते दुसऱ्यांनी शिकवायला नको. पोर मातीत ठेवून दुसऱ्या दिवशी कामावर गेलेल्या बाया आहेत या. कुणी हौसेनं पोट पाडत नाही. पण बंदी घातली म्हणून पाडायचं थांबत नाही. दवाखान्यात व्हायचं ते झोपडीत होतं आणि बाई मरते. १९९४ च्या सप्टेंबरात कैरो शहरात जगभरच्या देशांची सरकारं लोकसंख्येवर बोलायला जमली होती. पोपची माणसं आणि बाकीचे यांचं गर्भपातावर मोठं भांडण झालं. शेवटी कागदावर आलं ते असं, की गर्भपात हे कुटुंबनियोजनाचं साधन म्हणून वापरू नये, पण जिथं तो कायदेशीर आहे तिथं सुरक्षित पाहिजे, आणि कुणावर जबरदस्ती नको. आपलं सरकार पण त्यात होतं. मग कैरोत एक आणि तालुक्याला दुसरं का?

शहरात मुलगी आहे म्हणून पोट पाडतात. त्याला आमचा विरोध आहे. आपल्यात देज मुलाकडून येतं, मुलगी ओझं नाही. शहराचा हा रोग आपण घ्यायचा नाही. पण त्या नावानं आपल्या बायांचा दवाखाना बंद करू नका.

दादा, साहेब म्हणतो पोरं कमी कर, तुम्ही म्हणता जास्त कर. दोघंही डोकी मोजता. आपली ताकद डोक्यांवर नाही. असती तर पाच-पाच पोरं असलेला पाडा कधीच जिंकला असता. पोरं जगली, शिकली, जमिनीवर उभी राहिली तर ताकद. आणि मोर्चात पुढं बाया असतात, लाठी बाया खातात, मग पोटाचा निर्णय घेताना त्या मागं का?

म्हणून पुढच्या मोर्चात प्लॉटच्या मागणीबरोबर या पण मागण्या घ्या, असं मी बैठकीत मांडणार आहे:

१. ऑपरेशनचं टार्गेट कुठल्याही रूपात नको. रेशनकार्ड, खावटी, दाखला यांना ऑपरेशनची अट लावणाऱ्यावर कारवाई करा.
२. तालुक्याच्या दवाखान्यात गर्भपाताची सोय कायद्याप्रमाणे करा. नवऱ्याची सही मागू नका. कायदा मराठीत लिहून भिंतीवर लावा.
३. पावसाळ्याआधी पाड्यापर्यंत रेशन पोचवा.
४. प्लॉट नावावर करा, नवरा-बायको दोघांच्या.

आणि एक मागणी आपल्याच संघटनेला. या विषयावर पाड्यापाड्यात बैठक लावा. बोलायला आधी बाया उठतील. पुरुषांनी त्या दिवशी पोरं सांभाळावी.

जमीन आमच्या हक्काची!
पोट आमच्या हक्काचं!