दत्तजयंतीपर्यंत मुदत

वाशिम जिल्ह्यातील तमाम दुकानदार, आडते, हॉटेलवाले आणि त्यांच्या दारात उभे राहणारे आपण सारे गिऱ्हाईक यांना कळावे, की मास्कच्या नियमातील सवलतीचे दिवस संपले. हा मजकूर विनंतीचा नाही. विनंत्या पावणेदोन वर्षे झाल्या. त्यांचे फलक अजून दुकानांच्या काचांवर चिकटलेले आहेत आणि त्या फलकांखालीच उघड्या तोंडाने भावताव चाललेला आहे.

राज्य शासनाने २७ नोव्हेंबर २०२१ ला काढलेला आदेश बहुतेकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिला आणि पुढे ढकलला. वाचला फार थोड्यांनी. म्हणून त्यातले मुद्द्याचे तेवढे सांगतो. बिनमास्कचा माणूस सापडला तर त्याला ५०० रुपये दंड. तो ज्या दुकानात सापडला, त्या दुकानाला १०,००० रुपये. दुकानदाराने स्वतःच नियम धाब्यावर बसवले असतील, तर ५०,००० रुपये. आणि गिऱ्हाइकांना शिस्त लावण्यात एखादे दुकान वारंवार कसूर करताना आढळले, तर ते बंद. चार-आठ दिवस नाही, कोविड ही आपत्ती असल्याची अधिसूचना लागू असेपर्यंत बंद. ती कधी उठेल याची तारीख आदेशात दिलेली नाही.

गिऱ्हाइकाला पाचशे आणि आम्हाला दहा हजार, हा कुठला न्याय, असे व्यापारी विचारतात. दार तुमचे, गल्ला तुमचा, आत कोणाला घ्यायचे हे ठरवणारे तुम्ही. उधारी मागणाऱ्याला तुम्ही तोंडावर नाही म्हणता, फाटकी नोट सरळ परत करता, मोजलेले कापड परत घेत नाही. तेव्हा गिऱ्हाईक तुटत नाही. ‘आधी मास्क लावा, मग बोला’ हे पाच शब्द उच्चारले की मात्र तुटते, यावर कोण विश्वास ठेवील?

रुमालवाल्यांनीही नीट ऐकावे. रुमाल म्हणजे मास्क नव्हे, आणि रुमाल बांधून फिरणारा दंडास पात्र आहे, असे त्या आदेशात स्वच्छ लिहिले आहे. आपल्याकडे गळ्यात दुपट्टा किंवा गमछा असतोच, ऊन असो की थंडी. पायरी चढताना तो नाकावर ओढायचा आणि आत शिरून बोलायला लागले की सोडून द्यायचा, हा प्रकार चौकात पोलीस दिसल्यावर हेल्मेट घालण्यासारखा आहे. नाक उघडे असेल तर मास्क लावलेला नाही, असेच समजले जाईल. हनुवटीवरचा मास्क दाढीला लागतो, नाकाला नाही.

लसीचेही तसेच. २०२१ च्या त्या आदेशाप्रमाणे दुकानात काम करणारा आणि खरेदीला येणारा, दोघांचेही दोन डोस झालेले हवे होते आणि दुसऱ्या डोसला १४ दिवस उलटलेले हवे होते. अठरा वर्षांखालची मुले आणि वैद्यकीय कारणाने लस न घेऊ शकणारे यांना यातून सूट होती. ज्यांना मोबाइल वापरता येत नाही अशा म्हाताऱ्यांनी प्रमाणपत्राचा कागद खिशात ठेवावा. तेव्हाच्या औरंगाबादेत जिल्हाधिकाऱ्यांनी नोव्हेंबर २०२१ मध्येच ‘लस नाही तर रेशन नाही, पेट्रोल नाही’ असा हुकूम काढला. तो आपल्याकडे निघायची वाट पाहू नये.

आता लग्नसराई आहे. वाशिमच्या पाटणी चौकाच्या आसपास कापडाचा बाजार कसा चालतो, ते तिथे अर्धा तास उभे राहून पाहावे. दुकान चिंचोळे आणि खोलगट, शटर एक, मागे खिडकी नाही. पांढऱ्या गादीवर साड्यांचा ढीग, भोवती नवरीकडच्या दहा-बारा बाया, त्यांच्या मांडीवर लेकरे. साडी दाखवणारा पोरगा सकाळपासून घसा फोडून बोलतो आहे, ‘ताई, हा पदर पाहा, हा काठ पाहा’. मास्क हनुवटीवर, कारण मास्कमधून आवाज पोचत नाही म्हणे. गल्ल्यावरचे भाऊ नोटा मोजायला बोट जिभेला लावतात, त्याच बोटाने थैली उघडतात आणि ती गिऱ्हाइकाच्या हातात देतात. सॅनिटायझरची बाटली जागेवर आहे, पण दाबली तर फुस्स आवाज येतो. ताप मोजायची बंदूक ड्रॉवरमध्ये आहे, तिचे सेल टीव्हीच्या रिमोटमध्ये. किराण्याच्या दुकानापुढे पहिल्या लॉकडाऊनमध्ये जी दोरी बांधली होती, तिला आता चिप्सच्या पुड्यांच्या माळा टांगलेल्या असतात. विचारले तर उत्तर एकच मिळते: ‘काई नाई होत भाऊ, गेला ना कोरोना आता.’

केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने २० मे २०२१ रोजी साध्या भाषेत सूचना काढल्या. बोलताना, खोकताना तोंडातून निघणारे मोठे थेंब दोन मीटरच्या आत खाली पडतात, पण बारीक तुषार हवेबरोबर दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात, असे त्यात म्हटले आहे. आपल्या बाजारातल्या कितीतरी दुकानांची खोलीच दहा मीटर भरणार नाही. दारात कोणी खोकले तर ती हवा गल्ल्यापर्यंत येते आणि एसी लावून दार बंद केले असेल तर तिथेच फिरत राहते. त्याच सूचनांत उपायही सांगितला आहे: दारे-खिडक्या उघड्या ठेवा, आतली हवा बाहेर फेकणारा पंखा बसवा. असा पंखा बसवायला लागणारा पैसा एका मध्यम शालूच्या नफ्यातून निघतो. भिंत फोडायला घरमालक तयार नसेल, तर आतली माणसे कमी करा. तिसरा मार्ग नाही.

फेब्रुवारी २०२१ मध्ये देशभरच्या वाहिन्यांवर वाशिमचे नाव गाजले, ते कशामुळे, हे कोणी विसरले असेल तर आठवण करून देतो. २३ फेब्रुवारीला पोहरादेवीला तत्कालीन मंत्री संजय राठोड आले आणि हजारोंचा जमाव जमला. पाठोपाठ तिथल्या महंतांसह काही जणांचे अहवाल पॉझिटिव्ह आले. त्याच आठवड्यात रिसोड तालुक्यातल्या देगावच्या निवासी शाळेतले २२९ विद्यार्थी बाधित निघाले. ती मुले आपल्या एकट्या जिल्ह्यातली नव्हती, अमरावती, यवतमाळ, हिंगोलीसारख्या अनेक जिल्ह्यांतली होती. पोहरादेवीच्या गर्दीबद्दल हजारो अनोळखी लोकांवर गुन्हा दाखल झाला. त्यातून आम्ही एवढे शिकलो की हजारोंवर दाखल झालेला गुन्हा कुणावरच नसतो. म्हणून या वेळी कारवाई हवी ती दुकानाच्या पाटीवरचे नाव लिहून, पावतीवर तारीख घालून.

एप्रिल २०२१ मध्ये काय झाले ते लिहिण्याची गरज नसावी. तेव्हा या जिल्ह्यात वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. रुग्ण हाताबाहेर गेला की अकोल्याची वाट धरायची आणि तिथे खाट मिळेल की नाही हे रस्त्यातच फोनवर विचारत राहायचे, हे शेकडो घरांनी केले आहे. त्याच महिन्यात किराणा दुकाने सकाळी सात ते अकरा एवढीच उघडी ठेवण्याचा नियम आला आणि कापड, भांडी, सराफा यांची शटर खाली राहिली. तेव्हा राज्यभर व्यापारी चिडले. दुकाने उघडू द्या, नियम आम्ही पाळू आणि पाळायला लावू, असे त्यांचे म्हणणे होते. मागणी रास्त होती, आम्हीही तिच्या बाजूने होतो. दुकाने उघडली. तुमच्या शब्दाचे काय झाले?

पन्नास हजारांच्या दंडावरून ज्यांची झोप उडाली आहे, त्यांच्यासाठी आणखी एक कागद आहे. २६ नोव्हेंबरला, म्हणजे दंडाच्या आदेशाच्या आदल्याच दिवशी, शासनाने दुसरा निर्णय काढला. कोविडने माणूस गेला असेल तर त्याच्या जवळच्या नातेवाइकाला ५०,००० रुपये सानुग्रह सहाय्य. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबरात ही रक्कम मान्य केली होती. दोन कागद, एका दिवसाच्या अंतराचे, आणि आकडा तोच. पन्नास हजार फार होतात असे वाटणाऱ्या दुकानदाराने नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला अर्जाला जोडणाऱ्या बाईला विचारून यावे, तिला ते किती वाटतात.

कोरोना गेला म्हणणाऱ्यांसाठी दहा दिवसांच्या बातम्या पुरेशा आहेत. २६ नोव्हेंबर २०२१ ला जागतिक आरोग्य संघटनेने नव्या उपप्रकाराला ओमायक्रॉन हे नाव देऊन चिंताजनक ठरवले. शनिवारी, ४ डिसेंबर २०२१ ला, राज्यातला पहिला रुग्ण डोंबिवलीत सापडला. दुसऱ्याच दिवशी पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधून आणखी सात जणांची भर पडली. डोंबिवली लांब आहे म्हणता? मानोरा, मंगरूळपीर, मालेगावची पोरे मुंबई-पुण्यात कामाला आहेत आणि लग्नाला ती गावी येणारच. शेवटचा टप्पा काळीपिवळीत एकमेकांच्या मांडीवर बसून होतो. तिथून उतरले की थेट कापडाचे दुकान.

आणि शाळा. १ डिसेंबर २०२१ पासून खेड्यांतली पहिली ते चौथीची पोरे दीड वर्षाहून अधिक काळाने वर्गात बसली. या वयाच्या मुलांना तेव्हा लस नव्हती. रुग्ण वाढले तर सर्वांत आधी बंद होईल ती शाळा, आणि ती बंद करताना गुरुजींना कोणी विचारणार नाही. साडीच्या दुकानात ढिलाई करायची आणि तिची किंमत दुसरीतल्या पोरीने भरायची, हा व्यवहार आम्हाला मान्य नाही.

कायद्याची भीती ज्यांना पुरते त्यांच्यासाठी: आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ मध्ये आदेश न पाळणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद सांगितली आहे आणि त्यामुळे जिवाला धोका झाला तर दोन वर्षांपर्यंत. १८९७ चा साथरोग कायदा प्लेगाच्या वेळचा. त्या साली पुण्यात इंग्रज अधिकारी रँडचे गोरे सोजीर तपासणीच्या नावाखाली लोकांच्या देवघरापर्यंत शिरले होते. आज तुमच्या उंबऱ्याच्या आत कोणी येत नाही. नाकावर कापड ओढा, एवढेच सांगणे आहे, आणि तेवढ्यालाही हुज्जत घालतात!

एक इशारा कारवाई करणाऱ्यांनाही. पथक निघाले की आधी थांबते ते भाजीवाल्या बाईच्या पाटीपाशी. तिच्या डोक्यावर छप्पर नाही, बाजूला भिंत नाही, मोकळ्या हवेत बसलेली ती सगळ्यांत कमी धोक्याची. तिची पावती फाडायला वेळ लागत नाही. दुमजली दुकानाचे काचेचे दार ढकलताना मात्र साहेबांचा हात का अडखळतो, हे गावाला चांगले ठाऊक आहे. पाचशेऐवजी दोनशे घेऊन बिनपावतीची तडजोड झाल्याचे कानावर आले, तर तक्रार दुकानदाराची नाही, पथकाची होईल. बाईने मास्क लावायचाच आहे, तिला सूट मागत नाही. पण सुरुवात एसीपासून करा.

आता मुदत. १८ डिसेंबर २०२१ ला, शनिवारी, दत्तजयंती आहे. कारंज्याला गुरुमंदिरात भाविक येतील, बाजार भरून वाहील. त्याआधी जिल्ह्यातल्या प्रत्येक दुकानात मालकासह सगळ्यांच्या नाका-तोंडावर मास्क दिसला पाहिजे. दारात भरलेली बाटली आणि चालू अवस्थेतले तापमापक हवे. एका वेळी आत किती माणसे घेणार तो आकडा दारावर मोठ्या अक्षरात हवा आणि तो पाळलेला हवा. नोकरांच्या लसीची प्रमाणपत्रे गल्ल्यात तयार हवीत, मागितल्यावर शोधाशोध नको.

गिऱ्हाइकांनो, तुमच्यावरची जबाबदारी याहून हलकी नाही. मास्क न लावता गेलात आणि दुकानदाराने परत पाठवले, तर वाद घालू नका, ‘एवढ्या वर्षांचं गिऱ्हाईक’ ही सबब सांगू नका. तो तुम्हाला परत पाठवत नसेल तर तुम्हीच निघा. घरातून खरेदीला एकाने जावे, फार तर दोघांनी. साडी पसंत करायला अख्खी भावकी नेण्याचे हे दिवस नाहीत, आणि लेकरांना तर घरीच ठेवा.

मुदत टळल्यावर, रविवारी १९ तारखेला, आम्ही आणि सोबत यायला तयार असलेले वाचक वाशिम, रिसोड, कारंजा आणि मंगरूळपीरच्या बाजारात फिरू. मालेगाव आणि मानोऱ्यातही माणसे असतील. जिथे नियम दिसणार नाही तिथून काहीही न घेता परत फिरू आणि दुकानाचे नाव व वेळ लिहून घेऊ. पाटीचा आणि गल्ल्याचा फोटो काढू, बायामाणसांचा आणि लेकरांचा काढणार नाही. यादी तयार होईल ती संबंधित नगरपरिषद किंवा नगरपंचायतीच्या मुख्याधिकाऱ्यांना सोमवारी, २० डिसेंबरला, कार्यालय उघडताच दिली जाईल. प्रत तहसीलदार आणि जिल्हाधिकाऱ्यांना जाईल. ओळखीचा, नात्यातला किंवा आमचा जाहिरातदार म्हणून कोणाचेही नाव त्यातून गाळले जाणार नाही, आणि एकदा दिलेली तक्रार मागे घेतली जाणार नाही.