बाटलीतली नायिका

स्त्रियांसाठीच्या फुलगंधी परफ्यूमविषयी जे लिहिले जाते, त्यात परफ्यूमविषयी फार थोडे असते आणि ते लावणाऱ्या स्त्रीविषयी फार जास्त. जाई म्हणजे मोहक, गुलाब म्हणजे प्रणयी, पांढरी नाजूक फुले म्हणजे निष्पाप. कोष्टक तयारच आहे. बाटली निवडली की स्वभावही निवडला गेला. जाहिरातींनी असे करावे यात नवल नाही, त्यांना माल खपवायचा असतो. परंतु सौंदर्यविचाराचा आव आणणारे लेखनही जेव्हा हेच कोष्टक पुढे करते, तेव्हा साहित्याच्या अभ्यासकांनी मौन पाळू नये असे आम्हांस वाटते. कारण हा प्रकार व्यक्तिचित्रणाचा आहे आणि ते व्यक्तिचित्रण अत्यंत वाईट आहे.

उदाहरण मोठेच घेऊ. दिओरचे ‘दिओरिसिमो’ 1956 साली आले. रचनाकार एदमों रुदनित्स्का. फूल म्युगे, म्हणजे इंग्रजीतले लिली ऑफ द व्हॅली: इवल्या पांढऱ्या घंटांचे, फ्रान्समध्ये 1 मे रोजी एकमेकांना देण्याचे, खुद्द क्रिस्तियाँ दिओर यांच्या विशेष आवडीचे. या परफ्यूमभोवती जी नायिका उभी करण्यात आली ती ओळखीची आहे: कोवळी, निर्मळ, किंचित लाजरी, वसंतातल्या सकाळीसारखी.

आता वस्तुस्थिती पाहू. म्युगेचे फूल आपला गंध देत नाही. ऊर्ध्वपातन करा की द्रावक वापरा, परफ्यूमला उपयोगी पडेल असे तेल त्यातून हाती येत नाही. तो गंध इतर द्रव्यांतून रचावा लागतो, आणि त्यांतले एक प्रमुख द्रव्य, हायड्रॉक्सीसिट्रोनेलाल, विसाव्या शतकाच्या आरंभापासून प्रयोगशाळेत तयार होत आले आहे. रुदनित्स्का यांनी ग्रासजवळच्या काब्री येथील आपल्या बागेत म्युगे लावले, ते पिळून अर्क काढण्यासाठी नव्हे. जिवंत फुलाशेजारी आपली रचना ताडून पाहण्यासाठी. शिवाय हे झाड विषारी आहे. त्याच्या पानाफुलांत आणि फळांत हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असतात. म्हणजे ज्याला ‘निष्पाप फुलाचा निसर्गदत्त गंध’ म्हटले जाते, ते एका विषारी वनस्पतीचे, पन्नाशीच्या एका कलावंताने रसायनांतून घडवलेले चित्र आहे. यात आम्हांस काहीही गैर दिसत नाही. उलट थोरवी आहे ती यातच. रुदनित्स्का स्वतः परफ्यूमला कला मानीत, तिच्या सौंदर्यशास्त्रावर ग्रंथ लिहीत. पण ही थोरवी सांगायची तर रचनेविषयी बोलावे लागते. ते अवघड असते. त्यापेक्षा लाजऱ्या मुलीविषयी बोलणे सोपे.

याच रुदनित्स्कांनी 1966 साली दिओरसाठीच पुरुषांचा ‘ओ सोवाज’ रचला. त्यात हेडिओन नावाचे द्रव्य आहे. ते जाईच्या गंधाच्या अभ्यासातून गवसलेले आणि त्याच गंधाशी नाते सांगणारे. पुरुषाच्या बाटलीत जाई शिरली, आणि बाटलीचे नाव काय? सोवाज, म्हणजे रानटी. ती लावणारा पुरुष नाजूक आहे, असे कोणी म्हणाले नाही. जो फुलगंध स्त्रीच्या मनगटावर हळवेपणाची साक्ष देतो, तोच पुरुषाच्या गालावर रांगडेपणाची साक्ष देऊ लागला. मग स्वभाव नेमका कोणाचा? फुलाचा खचित नव्हे. तो बाटलीवरच्या मजकुराचा आहे.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे. जर्मेन सेलिए या रचनाकर्तीने 1948 साली रोबेर पिगेसाठी ‘फ्राका’ केले. पुरुषांचेच राज्य असलेल्या त्या व्यवसायात नाव मिळवणाऱ्या मोजक्या स्त्रियांपैकी ती एक. ‘फ्राका’ म्हणजे गदारोळ. त्याच्या केंद्रस्थानी जे फूल आहे ते मूळचे मेक्सिकोतले. आपण त्याला निशिगंध म्हणतो आणि फुलबाजारात ते गुलछडी म्हणून विकले जाते. पाश्चात्त्य वर्णनांत ‘फ्राका’ची स्त्री हटकून मादक असते, पुरुषांना भुरळ घालणारी. आपल्याकडे हेच फूल वधूवरांच्या हारात असते, देवापुढे असते आणि अंत्ययात्रेच्या पुष्पचक्रातही असते. निशिगंधाच्या गंधाने एकाला लग्नमंडप आठवेल, दुसऱ्याला मृत्यू झालेले घर. त्या फुलाचा ‘मादक स्वभाव’ मग कोठे राहिला?

यावर एक आक्षेप येईल आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. गंध काहीतरी सुचवतो, हे तर खरे ना? खरेच आहे. परंतु सुचवणे म्हणजे काय, याचा विचार आपल्या परंपरेने पुष्कळ केला आहे. वक्ता कोण, श्रोता कोण, प्रसंग कोणता, यांवाचून व्यंजना संभवत नाही, हे काव्यशास्त्राच्या विद्यार्थ्यास पहिल्याच वर्षी शिकवले जाते. गंधाने जे सुचते ते हुंगणाऱ्याच्या स्मृतीत असते. ते उचलून गंध लावणारीच्या अंगी चिकटवणे म्हणजे वाचकाच्या मनातील भाव लेखकाचे चरित्र म्हणून छापणे होय.

अर्थात ही खोड केवळ पॅरिसची नाही. पद्मिनी, चित्रिणी, शंखिनी, हस्तिनी असे स्त्रियांचे चार वर्ग पाडून प्रत्येकीला तिचा गंध नेमून देणारे ‘रतिरहस्य’ आपलेच. पण त्याच परंपरेत सत्यवतीही आहे. मत्स्यगंधेची योजनगंधा होते, त्या गंधाच्या मागाने शंतनू यमुनातीरी येतो. येथेच कथा संपली असती तर ती परफ्यूमची जाहिरात झाली असती. महाभारतात ती संपत नाही. दोन्ही पुत्र गेल्यावर कुरुकुळाचे काय करायचे हे ठरवणारी, भीष्माला प्रतिज्ञा मोडण्याची गळ घालणारी, त्याने नकार देताच आपल्या कुमारवयातील पुत्राचे रहस्य उघड करून त्याला बोलावणारी सत्यवती आपल्यापुढे उभी राहते ती निर्णयांतून. गंधाने तिला राजवाड्याच्या दारापर्यंत आणले. व्यक्तिमत्त्व तिने आत गेल्यावर कमावले.

हा वाद आम्ही साहित्याच्या वर्तुळात का आणला? कारण हे कोष्टक बाटलीपुरते राहिलेले नाही. कवयित्रीच्या संग्रहाची प्रस्तावना उघडावी, तर तिची कविता प्राजक्तासारखी हळुवार, बकुळीसारखी मागे दरवळणारी असते. कवीच्या संग्रहाची उघडावी, तर तेथे प्रतिमासृष्टी, लय, भूमिका, कालभान यांची चर्चा असते. एकीला गंध मिळतो, दुसऱ्याला समीक्षा. गौरव म्हणून दिलेले हे फूल वस्तुतः वाचन टाळण्याची सबब असते: कवितेची रचना पाहायची नाही, म्हणून कवयित्रीचा स्वभाव हुंगायचा.

परफ्यूम कोणी जरूर लावावे, कोणते लावावे हे ज्याचे त्याने ठरवावे, आणि ‘दिओरिसिमो’ला दाद द्यायची तर रुदनित्स्कांच्या रचनेला द्यावी. ते लावलेली स्त्री कशी आहे, हे जाणून घ्यायचे असेल तर मार्ग जुनाच आहे: ती काय बोलते ते ऐकावे, ती काय लिहिते ते वाचावे.