डिस्क की रिम? आधी लिव्हर दाबून बघा



आमच्या बेळगावच्या रविवारच्या सायकल ग्रुपमध्ये एक वाद कधीच संपत नाही. ब्रेक डिस्क चांगला की रिम? चहा गार होतो, पण वाद नाही. मीही त्यात हिरिरीने बोलायचो. गेल्या ऑक्टोबरात चोर्ला घाटात जे झालं, त्यानंतर मात्र माझं मत थोडं बदललं. आज तेच सांगतो.

आधी वाद काय तो बघू. ग्रुपमधले निवृत्त बँकवाले काका रिम ब्रेकवाले. त्यांचं म्हणणं, "जांबोटीच्या दुकानातसुद्धा ब्रेकचे रबर आणि वायर मिळते. तुझ्या त्या तेलाच्या ब्रेकचं काय करणार?" चूक नाही. रिम ब्रेक हलका, स्वस्त आणि उघड्या डोळ्यांना समजणारा. २०२० ची टूर द फ्रान्स तादेय पोगाचारने रिम ब्रेकच्या सायकलवरच जिंकली, हेही काका न विसरता सांगतात.

दुसऱ्या बाजूला आमचा डॉक्टर मित्र. त्याच्याकडे हायड्रॉलिक डिस्क. एका बोटाने ब्रेक लागतो, पावसातही लागतो आणि पॅड झिजले तरी लिव्हर बऱ्यापैकी जागेवरच राहतो. रस्त्यावरच्या शर्यतींत डिस्कला पूर्ण परवानगी २०१८ मध्ये मिळाली आणि आता मोठे संघ बहुतेक तेच वापरतात. आपल्या भागात आणखी एक मुद्दा आहे. पावसाळ्यात जांभ्याचा लाल चिखल रिमवर बसतो आणि ब्रेक दाबला की सँडपेपरसारखा रिम घासतो. रबर बदलता येतात, पण रिमची भिंत पातळ झाली तर चाकच नवं घ्यावं लागतं. डिस्क चाकाच्या मध्यावर असते, त्यामुळे तिथवर चिखल कमी पोहोचतो आणि रिम वाचतो.

मी दोघांच्या मध्ये, वायरवर चालणाऱ्या मेकॅनिकल डिस्कवर. भाच्याने नवी सायकल घेताना मला विचारलं, तेव्हा मी ऐटीत म्हणालो, "डिस्क आहे ना? मग डोळे झाकून घे."

भाचा पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला. पहिल्यांदाच आमच्याबरोबर लांब आला होता. जांबोटी, कणकुंबी झालं, चोर्ल्याच्या पुढे गोव्याकडचा उतार सुरू झाला. खाली साखळीला गाडी येणार होती, म्हणून सगळे निवांत. तीन-चार वळणांनंतर मागून ओरडणं ऐकू आलं, "मामा, ब्रेक लागेना!" मी मागे बघितलं तर पोरगा दोन्ही पाय रस्त्यावर घासत येतोय. सुदैवाने वळणाआधी कडेला गवत आणि खडी होती. तो त्यात घुसला आणि पडला. कोपर सोललं, बाकी काही नाही. समोरून त्या वेळी ट्रक आला नव्हता, एवढंच आमचं नशीब. बहिणीला मी काय सांगितलं असतं, हा विचार आजही नको वाटतो.

सायकल तपासली. मागच्या ब्रेकचा लिव्हर थेट हँडलला टेकत होता. नवी वायर पहिल्या काही दिवसांत थोडी सैल पडते, त्यात पॅड झिजलेले. मेकॅनिकल डिस्क ही झीज आपोआप भरून काढत नाही, ती वायर ताणून आपल्यालाच भरून काढावी लागते. आणि पुढचा ब्रेक? तो कोरा करकरीत, कारण त्याने तो दाबलाच नव्हता.

"का रे?"

"आजोबांनी सांगितलंय की, पुढचा दाबला तर तोंडावर पडशील."

आजोबा म्हणजे आमचे बाबा. हा धडा त्यांनी मलाही दिला होता, तुमच्याही घरी दिला असेल. पण ब्रेक लागला की भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचं चाक हलकं होऊन घसरतं. म्हणून थांबवण्याचं खरं काम पुढचा ब्रेकच करतो. तो हिसका देऊन नव्हे, तर हळूहळू दाब वाढवत लावायचा. शरीर थोडं मागे, हात ताठ, आणि वेग वळणात नाही, वळणाच्या आधी कमी करायचा.

थोडं गणित करू. सायकल आणि स्वार मिळून ८० किलो, उतार ६०० मीटर. एकूण ऊर्जा सुमारे ४७० किलोज्यूल, म्हणजे साधारण दीड लिटर पाणी उकळेल इतकी. त्यातली काही वाऱ्यात जाते, उरलेली ब्रेकमध्ये उष्णता होते. एकट्या मागच्या ब्रेकवर हा सगळा बोजा टाकून तो सतत धरून ठेवला, तर पॅड तापणारच. दोन्ही ब्रेक वापरा, घट्ट दाबा, वेग कमी झाला की सोडा, परत दाबा. आणि थांबल्यावर डिस्कला हात लावू नका, चटका बसेल.

वायर ताणायला आम्हाला दोन मिनिटं लागली. लिव्हरजवळचा गोल स्क्रू अर्धा-अर्धा फेरा बाहेर फिरवला, पॅड जवळ आणले, आणि उरलेला घाट तो दोन्ही ब्रेकवर माझ्या पुढे राहून व्यवस्थित उतरला.

तेव्हापासून वादात मी एवढंच म्हणतो: पावसात आणि घाटात खूप फिरणार असाल तर डिस्क घ्या, गावात आणि सपाटीला रिम पुरतो. पण सायकल स्टिकरवरच्या नावाने थांबत नाही. निघण्याआधी दोन्ही लिव्हर दाबून बघा. हँडलला टेकत असतील तर निघू नका. पुढचा ब्रेक दाबून सायकल ढकला, मागचं चाक उचललं गेलं पाहिजे. पॅड किंवा रबर किती उरलेत ते बघा. साखळीला तेल देताना डिस्कवर आणि रिमवर थेंब पडू देऊ नका. कोणता लिव्हर पुढचा तेही तपासा. आपल्याकडे बहुधा उजवा असतो, बाहेरून आलेल्या सायकलींत डावाही असू शकतो.

आणि घरातल्या लहानांना सायकल शिकवत असाल, तर पुढच्या ब्रेकची भीती घालू नका. मोकळ्या मैदानात तो लावायला शिकवा. आमच्या बाबांनाही मी हे सांगितलं. ते म्हणाले, "आमच्या वेळच्या सायकलींना तेवढाच ब्रेक लागत होता!" त्यांच्या सायकलीला तारेऐवजी दांड्या होत्या आणि रिम लोखंडाचे. पावसात ते कसे थांबायचे, ते पुढच्या वेळी त्यांच्याकडूनच ऐकू.