दारावरचा डोळा किती पाहतो?

यंदाच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडून लसीकरणावर किंवा बालकांच्या आहारावर लेख येईल, अशी संपादक मंडळाची अपेक्षा असावी. परंतु आज मी एका निराळ्याच उपकरणाविषयी लिहिणार आहे. ते आपल्यापैकी बहुतेकांच्या दवाखान्यात आहे, आणि त्याची परीक्षा आपण सहसा घेत नाही. ते म्हणजे भिंतीवरचा सुरक्षा कॅमेरा.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतरच्या एका सायंकाळची गोष्ट. खानापूरकडील एक माता तान्ह्या मुलीला नेब्युलायझर लावून आत बसली होती. तिचा चार वर्षांचा मुलगा बाहेर बाकावर खेळत होता, तो एकाएकी दिसेनासा झाला. आम्ही सारे कॅमेऱ्याच्या पडद्यापाशी धावलो. माझ्या दवाखान्याचे दार पश्चिमेकडे उघडते. पडद्यावर दाराच्या जागी मावळतीच्या उन्हाचा पांढरा झोत होता, आणि त्यात एक मोठी व एक लहान अशा दोन काळ्या आकृत्या हात धरून बाहेर पडताना दिसत होत्या. ती माता पडद्याकडे पाहत म्हणाली, "डॉक्टर, ह्यो माझाच हाय काय?" पोटच्या मुलाला आई ओळखू शकत नव्हती! वीस मिनिटांनी मुलगा आजोबांचे बोट धरून, बिस्किटाचा पुडा मिरवीत परत आला. गावाहून आलेल्या आजोबांनी कोणाला न सांगता त्याला दुकानात नेले होते. सर्वजण हसले, मला मात्र त्या रात्री झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी कॅमेऱ्याचे माहितीपत्रक काढून वाचले. २ मेगापिक्सेल, रात्री ३० मीटरपर्यंत दृष्टी, ३० दिवसांचे चित्रण. यांतील एकही विधान सरळसरळ खोटे नव्हते, आणि खरी अडचण हीच आहे. काचनळीत जंतू मारणारे औषध रुग्णाच्या शरीरातही तितकेच गुणकारी ठरेल, असे आपण मानीत नाही. औषध कंपनीच्या प्रतिनिधीने दिलेले गुळगुळीत पत्रक आपण चिकित्सकपणे वाचतो. मग कॅमेरा विक्रेत्याच्या पत्रकापुढेच आपण भाविक का होतो?

एकेक आकडा तपासून पाहू. आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीनुसार परिचित माणूस ओळखण्यास दृश्याच्या प्रत्येक मीटरमागे १२५ चित्रबिंदू लागतात, तर अनोळखी माणसाची ओळख निःसंशय पटविण्यास २५०. २ मेगापिक्सेलचे चित्र १९२० बिंदू रुंद असते. माझ्या दारापाशी कॅमेऱ्याला ८ मीटर रुंदीचे दृश्य दिसत होते. म्हणजे मीटरमागे २४० बिंदू. परिचितासाठी हे भरपूर होते. गणितात कॅमेरा उत्तीर्ण झाला, परंतु समोरून येणाऱ्या उन्हाने त्याला आंधळे केले. तोच कॅमेरा फाटकाकडे वळवून १६ मीटर रुंदीचे दृश्य घेतले असते, तर मीटरमागे १२०च बिंदू उरले असते आणि गणितही फसले असते.

'रात्री ३० मीटर' याचा अर्थ कॅमेऱ्याचा अवरक्त प्रकाश तेथवर पोचतो, इतकाच. तेथे उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा ओळखता येईल, असे त्यात कोठेही म्हटलेले नसते. अंधुक उजेडात धावणारे मूल पडद्यावर पुसट रेघ होऊन जाते. त्यात बेळगावचा पाऊस! भिंगासमोरचे थेंब आणि कोळ्याचे जाळे तोच प्रकाश परतवतात व सारे चित्र पांढुरके होते.

३० दिवसांच्या चित्रणाचे तेच. सेकंदाला ४ मेगाबिट या वेगाने सतत चित्रण केल्यास एक कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ गिगाबाइट जागा व्यापतो. आठ कॅमेरे असतील तर एक टेराबाइटची डिस्क तीन दिवसही पुरत नाही. पत्रकातील महिना बहुधा हालचाल असेल तेवढेच चित्रण धरून मोजलेला असतो, आणि बालरुग्णांच्या दवाखान्यात हालचाल कधी थांबते?

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, पूर्ण पैसे देण्यापूर्वी कॅमेऱ्याची परीक्षा आपल्याच जागेत आणि सर्वांत वाईट वेळी घ्यावी. ऊन दारातून आत येत असताना, रात्री दिवे मालवल्यावर आणि भर पावसात एखाद्या माणसाला दारातून चालत जाण्यास सांगावे. उभे राहण्यास नव्हे. मग ते चित्रण, कोण चालले हे ठाऊक नसलेल्या व्यक्तीला दाखवावे. चाचणी अंध असावी, हे आपणा वैद्यकांस वेगळे सांगावयास नको. थेट पडद्यावरचे दृश्य पाहून समाधान मानू नये, कारण साठविलेले चित्र पुष्कळदा त्याहून हलक्या प्रतीचे असते. ते पेन ड्राइव्हवर उतरवून पाहावे. सर्वांत जुने चित्रण किती तारखेचे आहे आणि यंत्राचे घड्याळ बरोबर चालते काय, हेही पाहावे. मी स्वतः एवढेच केले की, कॅमेरा बाजूच्या भिंतीवर हलविला. आता दारातील चेहरे स्पष्ट दिसतात.

परंतु खरी चूक कॅमेऱ्याची नव्हती. तो येण्यापूर्वी आमच्या दाराशी एक मावशी बसत असत व कोणते मूल कोणाबरोबर चालले, हे विचारीत असत. कॅमेरा बसल्यावर मीच त्यांना आतल्या कामास लावले होते. रोग असताना 'नाही' असा निर्वाळा देणारी तपासणी ही तपासणीच न करण्यापेक्षा घातक असते, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवितो. ते मी माझ्याच दाराशी विसरलो. मावशी आता पुन्हा तेथे बसतात.